उसना हात

टोमॅटोच्या बाराशे झाडांचं बाळंतपण त्या घराने अंगावर घेतलं होतं, आणि त्यासाठी बियाण्याच्या कंपनीने पंचेचाळीस दिवस दिले होते.

काम सांगायला सोपं होतं. मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, चिमट्याने उघडायची. आतलं केसर अलगद उपटून टाकायचं आणि मधली केसाएवढी दांडी शाबूत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलांची वाळवून चाळलेली पिवळी भुकटी बोटातल्या अंगठीच्या वाटीत घ्यायची, दांडीचं टोक तिच्यात बुडवायचं, आणि देठाला दोरा बांधायचा. झालं. दिवसाला एकेका बाईने हे सहा-सातशे वेळा करायचं. एखादी कळी नजरेतून सुटली तर ती आपलं आपण उरकून घेते, आणि असं स्वतःच्या मर्जीने धरलेलं फळ बियाण्यात सापडलं की कंपनी अख्खा प्लॉट नाकारते. मनाला येईल तेव्हा कुणी फळायचं नाही, यावर तो सगळा धंदा उभा होता.

घरात सासू, दोन मुलगे, दोन सुना आणि थोरलीच्या दोन मुली. पाणी, फवारणी आणि देखरेख पुरुषांकडे. देखरेख म्हणजे झाडांभोवती कंपनीने उभारलेल्या जाळीच्या दारात उभं राहून आत किती उकडतं याचा अंदाज घेणं. चिमटे बायकांकडे, कारण पुरुषांची बोटं जाड असतात असं पुरुषांनीच ठरवलं होतं.

कुणाची चूक कुणाची हे कळावं म्हणून कंपनीने प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा दिला होता. सासूचा पांढरा, थोरलीचा हिरवा, धाकटीचा लाल. पण कंपनीच्या नियमापेक्षा बायकांचा नियम जुना होता. एखादीची ओळ मागे पडली, कुणाचं पोट दुखलं, की दुसरी तिच्या दोऱ्याची गुंडी घेऊन तिच्या ओळीत शिरायची आणि तिच्याच रंगाचा दोरा बांधत सुटायची. याला ‘दोरा धरणं’ म्हणत. यात खोटं काही आहे असं कुणालाच वाटत नसे. फूल धरलं, दोरा बांधला, ओळ पुरी झाली. कोणाच्या बोटांनी, हे फुलाला कुठे विचारायचंय?

गेल्या वर्षी कंपनीने त्यांचा अर्धा प्लॉट नाकारला होता. यंदा पुन्हा तसं झालं तर पुढच्या वर्षी जाळी दुसऱ्याच्या रानात जाणार होती. त्यात ऊन महिनाभर आधीच तापलं, आणि कळ्या दोन दिवसांचं काम एका दिवसात मागू लागल्या. पहिल्याच सकाळी सासूने फर्मान काढलं की हे पंचेचाळीस दिवस कुणी आजारी पडायचं नाही, कुणी माहेरी जायचं नाही आणि कुणाला दिवस जायचे नाहीत. तिन्ही तिच्या लेखी एकाच प्रकारचे नखरे होते. शेवटचं कलम थोरलीकडे बघून वाचलं गेलं. धाकटीचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तिला फर्मानाची गरज नाही असं सासू काही बोलली नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

थोरलीलाही फर्मानाची गरज नव्हती. धाकट्या मुलीच्या वेळी तिचे पाय खांबासारखे सुजले, डोळ्यांपुढे अंधार आला आणि मग झटके सुरू झाले. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. ते तीन दिवस तिचे पाय दाबून धरायला धाकटी जाऊ होती. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं की तिसऱ्या खेपेला माझ्याकडे येऊ नका, मी काही करू शकणार नाही. तेव्हापासून थोरली पाळणा लांबवायची गोळी घेत होती. घरात घड्याळ होतं, पण सांज झाली हे मुली आई गोळी गिळते त्यावरून ओळखायच्या.

गोळ्यांच्या पट्ट्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दवाखान्याच्या गाडीतून येत. गाडी रस्त्याच्या वळणावर झाडाखाली थांबायची. बाहेर टेबल टाकून सिस्टर दंडाला पट्टा बांधायची, प्रेशर मोजायची, कार्डावर लिहायची. ते कार्ड घेऊन गाडीत चढायचं. आत डॉक्टर कार्ड बघायचे आणि पट्टी द्यायचे. सिस्टर दर खेपेला नवी असायची. बायका शेतातून तशाच यायच्या, भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून डोळ्यांपर्यंत कापड गुंडाळलेल्या. कार्डावर नंबर होता, फोटो नव्हता. थोरलीचा नंबर सत्तेचाळीस.

चार महिन्यांपूर्वी एका सिस्टरने थोरलीचा पट्टा दोनदा बांधला, दोनदा सोडला आणि पट्टी मिळणार नाही असं सांगितलं. प्रेशर एकशे छप्पन्न आणि शंभर होतं. शांत बसा, पंधरा मिनिटांनी पुन्हा या, तेव्हाही एवढंच असलं तर दुसरा उपाय बघू, असं म्हणून तिने पुढचीला बोलावलं. कार्डावर काही लिहिलं नाही.

थोरली झाडामागे जाऊन बसली. तिला दुसरा उपाय ऐकूच आला नव्हता. पट्टी मिळणार नाही एवढंच ऐकू आलं होतं, आणि त्याच्या मागोमाग ते तीन दिवस. धाकटी तिच्या शेजारी उकिडवी बसली. जसा हिरवा दोरा घ्यावा तसं तिने जावेच्या हातातलं कार्ड घेतलं.

“दे इकडं. तुझी ओळ मी धरते.”

पंधरा मिनिटांनी सत्तेचाळीस नंबरचं प्रेशर एकशे दहा आणि सत्तर भरलं. शांत बसल्याचा किती फरक पडतो, असं सिस्टर कौतुकाने म्हणाली.

दर महिन्याला तसंच होत गेलं. पट्टा बाहेर धाकटीच्या दंडाला, कार्ड आत थोरलीच्या हातात. चांगली वस्तू घरात लपून राहत नाही. शेजारच्या प्लॉटवरच्या दोघी जणी एकदा मीठ मागायला आल्या आणि जाताना दंड मागून गेल्या. धाकटीने त्यांनाही नाही म्हटलं नाही. चार वर्षांत तिच्या शरीराचं कुणी चांगलं बोललं नव्हतं. आता तीन बायका तिच्या प्रेशरचं नाव काढत होत्या. गाडीवाल्यांनीही काढलं असावं, कारण वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं म्हणे, की या वळणावरच्या महिलांचं आरोग्य समाधानकारकरीत्या सुधारत आहे.

हंगामाच्या बाराव्या दिवशी थोरलीचं डोकं दुखायला लागलं. मानेच्या मागून सुरू होऊन वर चढायचं. सासूने ऊन म्हटलं. थोरल्याने झोप कमी म्हटलं, कारण त्याची स्वतःची कमी होत होती. थोरलीने डोक्याला कापड आवळून बांधलं आणि ओळीत शिरली. दोन दिवसांनी ती धाकटीला सहज सांगितल्यासारखं म्हणाली की तिला कळीच्या बाजूला आणखी एक कळी दिसते, आणि तिच्यावर ठिणग्या उडतात.

ठिणग्या धाकटीने एकदा ऐकल्या होत्या. झटके यायच्या आदल्या सकाळी.

सोमवारी गाडी आली. धाकटी म्हणाली, या खेपेला तुझाच हात दे, डॉक्टरला कळू दे. थोरली हळू आवाजात म्हणाली की हंगाम संपेपर्यंत थांब, पट्टी बंद झाली आणि दिवस गेले तर मला कोण धरणार आहे. धाकटीने पट्ट्यात हात घातला. एकशे आठ आणि सत्तर.

आत गाडीत थोरलीने डोक्याचं सांगितलं, ठिणग्यांचंही सांगितलं. डॉक्टर भले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कार्ड बघितलं. पाच महिन्यांचे आकडे एका रांगेत मुंग्यांसारखे सरळ चालले होते. असलं प्रेशर मला मिळालं तर मी नाचेन, असं ते म्हणाले. बारीक कामाने डोळ्यांवर ताण येतो, चष्मा करून घ्या. त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या आणि पुढची पट्टी दिली. गाडीच्या पायरीखाली धाकटी ऐकत उभी होती. थोरली हसत खाली उतरली. डॉक्टरने काही नाही म्हटलंय, असं तिने सांगितलं, आणि तिला ते खरंच पटलं होतं. धाकटीला त्याचीच जास्त भीती वाटली.

कंपनीचा तपासनीस एक दिवसाआड यायचा. गळ्यात दोरीला भिंग, म्हणून त्याला भिंगवाला म्हणत. त्याने हिरव्या दोऱ्याच्या ओळीत अकरा दांड्या तुटलेल्या काढल्या आणि दोन कळ्या नुसत्याच दोरा बांधलेल्या, आत केसर तसंच. त्याने सासूला बोलावून भिंगातून दाखवलं. सासूला भिंगातूनही दिसलं नाही, पण तिने दिसल्यासारखी मान हलवली. पुन्हा असं झालं तर प्लॉटवर नकाराची लाल पाटी लागेल, असं सांगून तो गेला. सासू थोरलीला म्हणाली की लग्नाआधी मुलगी बघायला आलो तेव्हा डोळे तपासायचे राहिले.

त्या दिवसापासून धाकटी दोन ओळी करू लागली. आपली लाल संपवायची आणि जावेची हिरवी धरायची. जाळीत हवा हलत नव्हती. घाम भुवईवरून चिमट्यावर गळायचा. हात चालत होते आणि डोळे जावेवर होते. थोरली पाणी प्यायला उठली तर धाकटी तिच्या पायांकडे बघायची, सुजलेत का. ती वाकली तर धाकटीचा श्वास अडकायचा, आणि ती सरळ झाली की सुटायचा. सासूला सांगावं तर दंड, शेजारच्या दोघी सगळं उलगडणार आणि गोळी बंद होणार. नवऱ्याला सांगून बघितलं. धाकटा म्हणाला, डॉक्टरने कार्ड बघितलंय ना, तू काय डॉक्टरपेक्षा शहाणी? त्या कार्डाचं ऐकावं की डोळ्यांचं, असा प्रश्न त्या घरात तिच्या एकटीलाच पडला होता, कारण ते कार्ड कशाचं बनलंय हे तिलाच ठाऊक होतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी दोघी पाठीला पाठ लावून भुकटी लावत होत्या. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. थोरलीच्या अंगठीची वाटी मातीत पडली होती आणि थोरली ती उचलत नव्हती. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा ठेवलेला. डाव्या हाताने ती दोरा बांधत होती, कळीपासून वीतभर लांब, हवेला. धाकटीने हाक मारली. थोरली वळली आणि काहीतरी बोलली. शब्द नव्हते त्यात, नुसता ओला आवाज होता. तोंडाची एक बाजू बोलत होती आणि दुसरी ऐकत होती.

धाकटीने तिला मांडीवर घेतलं. तिने तो पडलेला हात धरला आणि चोळत राहिली. पाणी देणाऱ्या नळीचा टपटप आवाज तेवढा येत होता. टोमॅटोच्या पानांचा उग्र वास हाताला, जावेच्या गालाला, सगळीकडे लागला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक, तिच्या मागे दोन फुलं उघडून पूर्ण पिवळी झाली एवढा गेला. मग थोरलीच्या बोटांनी तिचं बोट दाबलं. तोंड हळूहळू जागेवर आलं.

“झालं बरं. कुणाला सांगू नको,” थोरली म्हणाली. शब्द नीट होते. तिने मातीतली वाटी उचलून पुसली. “ऊन लागलं असेल.”

सकाळचे आठ वाजले होते. ऊन अजून जाळीवर यायचं होतं.

धाकटी उठली आणि ओळीच्या टोकाला सासूपुढे जाऊन उभी राहिली. तेवढ्यात भिंगवाल्याची मोटारसायकल दारात थांबली. धाकटीने सासूला सांगितलं की ताईला आत्ताच्या आत्ता आरोग्य केंद्रात न्यायचंय, हात गेला होता, तोंड गेलं होतं. सासूने विचारलं की आता आलं ना परत? भिंगवाला म्हणाला की मोटारसायकलवरून नेतो, त्याचं काही नाही, पण आज या ओळींत अजून हजारभर फुलं उमलणार, ती कोण धरणार, मला लिहावं लागेल. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा सासूच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“आई, मागच्या वेळी तिचे पाय मी धरले होते. तुम्ही बाहेर होता. मी सांगते ते हेच आहे.”

सासूने सुनेकडे बघितलं. मग ओळीत थोरली बसली होती तिकडे बघितलं. थोरली डाव्या हाताने उजवा हात उचलून फुलापाशी नेत होती. सासूला लांबचं बरं दिसायचं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि भिंगवाल्याला म्हणाली, “चाक वळव. लिहायचं ते आल्यावर लिही.” आणि धाकटीला, “हिरवा दोरा माझ्याकडे दे.”

आरोग्य केंद्रातली सिस्टर चपळ होती. थोरलीला खुर्चीत बसवलं, ऊन लागलं हे तिचंच उत्तर ऐकून घेतलं, पट्टा बांधला, फुगवला, आणि काट्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा फुगवला. मग कार्ड मागितलं. कार्ड बघून तिचा जीव भांड्यात पडला. पाच दिवसांपूर्वी एकशे आठ, त्याआधी एकशे दहा. माणसाचं रक्त असं उड्या मारत नाही, मशीन बिघडलंय, ती म्हणाली. गेल्याच आठवड्यात तक्रार केली होती, कुणी आलं नाही. काट्याने एकशे अठ्ठ्याण्णव आणि एकशे अठरा दाखवलं होतं. कार्डावर लिहू नये असाच आकडा. सिस्टरने तो लिहिला नाही. मशीन दुरुस्त झालं की या, परवा-तेरवा, असं सांगून ती पट्टा गुंडाळू लागली.

थोरली खुर्चीतून उठायला लागली. हुश्श झाल्यासारखा तिचा चेहरा होता.

दारात भिंगवाला उभा होता. बाकावर चार बायका बसल्या होत्या, त्यांतली एक शेजारच्या प्लॉटवरची, बावन्न नंबरवाली. ती धाकटीकडेच बघत होती, आणि मान अगदी जराशी, कुणाला कळणार नाही एवढी, हलवत होती. नको.

“मशीन बरं आहे,” धाकटी म्हणाली.

सिस्टरने वर बघितलं.

“कार्डावरचे आकडे माझे आहेत. पाच महिने हात मी देतेय. तिचं प्रेशर कुणी मोजलेलंच नाही. बाळंतपणात झटके आले होते तिला.”

सिस्टरला ते एकदम कळलं नाही. असं कुणी करेल हे शिकवलेलं नसतं. धाकटीने स्वतःच बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. तिचं काळीज बडवत होतं. सिस्टरने पट्टा फुगवला. एकशे बारा आणि बहात्तर. त्या बाईचं रक्त भीतीतसुद्धा शिस्तीत वाहत होतं.

सिस्टरने कार्डाकडे बघितलं, दंडाकडे बघितलं, आणि मग खुर्चीतल्या बाईकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ती ओरडली नाही. तिचा रंग उतरला.

“अगं बायांनो, या गोळीनं काहीजणींचं प्रेशर चढतं. हिचं तर बाळंतपणातच चढलेलं. म्हणून तर मोजून देतो ना.” आणि दुसऱ्याच क्षणी, “आणखी कुणाला दिलाय हा हात?”

धाकटीने बाकाकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघून सांगितलं. बावन्न आणि एकतीस. बाकावर कुणीतरी तिला शिवी दिली, अगदी स्पष्ट, आणि मग तीच बाई रडायला लागली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. डॉक्टर आले, गोळ्या दिल्या, गाडी बोलावली, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाटेत थोरलीने धाकटीचा हात सोडला नाही. उतरताना एवढंच म्हणाली, “आता पट्टी देणार नाहीत.”

दिली नाहीच. मोठ्या दवाखान्यातल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी खाटेवर बसून समजावलं की ती एकच गोळी म्हणजे सगळं नव्हे. आत बसवायचा तांब्याचा तुकडा असतो, त्यात हे औषध नाही. आणि नवऱ्याचं छोटं ऑपरेशन असतं, दुपारी करून संध्याकाळी घरी. थोरला खाटेच्या पायाशी उभा होता. त्याने विचारलं की मग जड उचलता येतं का. सासू त्याच्या मागे होती. तिचे डोळे लाल झाले होते आणि बोटांना हिरव्या दोऱ्याचे वळ होते. चार दिवस ती आणि दोन्ही मुलगे मिळून ओळी करत होते. भिंगवाल्याने पुरुषांची जाड बोटं बघून कपाळाला हात लावला होता; पाटी लावायची की नाही ते हंगाम संपल्यावर बघू म्हणाला होता. सासू मुलाला म्हणाली की तू आधी तरी कुठे जड उचलत होतास. डॉक्टरीणबाईंनी हसू आवरून कागद पुढे केला. थोरला तो वाचत राहिला. त्याला वाचायला बराच वेळ लागला.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर पट्टा घेऊन आली. टेबलावर कोरं कार्ड होतं. थोरलीने सवयीने बाजूला बघितलं. धाकटी स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली घालून, त्यांच्यावर सगळा भार टाकून.

थोरलीने बाही वर केली. पट्टा फुगला, हवा सुस करून सुटू लागली, आणि धाकटीने डोळे मिटले. काटा खाली येताना तिला ऐकू येत नव्हता, तरी ती ऐकत होती.

“एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव,” सिस्टर म्हणाली. “अजून जास्तच आहे. पण उतरतंय.”

तिने ते लिहिलं. थोरलीने कार्ड हातात घेतलं आणि त्या एकुलत्या एक आकड्यावरून बोट फिरवलं.

“वाईट आहे ना गं?” तिने विचारलं.

“वाईट आहे,” धाकटी म्हणाली. “पण तुझं आहे.”

तिने हात मांड्यांखालून काढले नाहीत. सिस्टर पुढच्या खाटेपाशी गेली, तिथून आणखी पुढच्या, आणि दाराबाहेर तिच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत धाकटी तशीच बसून राहिली. मग तिने हात काढले. दोन्ही बधिर झाले होते. थोरलीने त्यातला एक ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागली.